जुना गीझर आणि जाणता दुरुस्तीवाला

घरात बंब होता तेव्हा एक बरं होतं. बंब गळायला लागला की तो कुठे न्यायचा हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. पुण्यात तांबट आळी, इतर गावांत बाजारपेठेतलं तांबटाचं दुकान. तांबट बंब उलटासुलटा करून बघायचा, भोक कुठे पडलंय ते बोट ठेवून दाखवायचा, डाख द्यायचा आणि तुमच्यासमोर पाणी भरून खात्री पटवायचा. सगळा उघडा कारभार. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राख.

गीझरचं तसं नाही. तो भिंतीवर उंच टांगलेला, वरून पांढराशुभ्र, आत काय चाललंय ते दिसत नाही. आठ-दहा वर्षं निमूटपणे पाणी तापवतो आणि एके दिवशी रुसतो. तो दिवसही नेमका कुठला, तर घरात बाळंतीण असते, पाहुणे उतरलेले असतात, नाहीतर नरकचतुर्दशीची पहाट असते. मग हाताला लागेल तो माणूस बोलावला जातो. तो खालचं झाकण काढतो, "वहिनी, कॉइल गेली," म्हणतो, काहीतरी बदलतो, पैसे घेतो आणि जातो. खरंच कॉइल गेली होती का, हे आपल्याला कधीच कळत नाही.

नुसता पैशांचा प्रश्न असता तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. मिक्सर वाईट दुरुस्त झाला तर त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटू. पण गीझर म्हणजे वीज आणि पाणी एका घरात नांदवणारी वस्तू. तिच्याखाली मुलं, म्हातारी माणसं ओल्या अंगाने उभी राहतात, आणि तेही आतून कडी लावून. म्हणून गीझरचा माणूस निवडताना थोडी चिकित्सा केली तर कुणी नावं ठेवू नयेत.

आत असतं तरी काय?

साठवणीच्या विजेच्या गीझरची रचना अगदी साधी असते. एक टाकी. तिच्या भोवती उष्णता धरून ठेवणारा फेसासारखा जाड थर, आणि त्यावर आपल्याला दिसतं ते कवच. टाकीत खालून गार पाणी येतं. तापलेलं पाणी वर चढतं म्हणून ते वरून उचलण्यासाठी आत एक उभी नळी असते. पाणी तापवते ती कॉइल, म्हणजेच एलिमेंट. पाणी हवं तेवढं तापलं की वीज बंद करतो तो थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटने दगा दिलाच तर त्याच्यामागे दुसरा पहारेकरी असतो, तो कटआउट. आणि टाकीत दाब फार वाढला तर पाणी बाहेर सोडणारा तिसरा पहारेकरी, तो गार पाण्याच्या नळीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. बऱ्याच गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडीही असते. पाण्यातले क्षार टाकीला खायच्या ऐवजी आधी तिला खातात. ही कांडी झिजून संपली की टाकीची पाळी येते. बोअरचं जड पाणी असेल तिथे ही कांडी दरवर्षी बघावी. पण "आमच्या गीझरची कांडी बघितली का हो?" असं विचारणारी गृहिणी मला तरी अजून भेटलेली नाही. आणि सांगणारा दुरुस्तीवाला तर त्याहून दुर्मिळ!

एवढं ठाऊक असलं की निम्मी लढाई जिंकली. समोरचा माणूस कशाबद्दल बोलतोय ते आपल्याला कळतं, आणि आपल्याला कळतंय हे त्यालाही कळतं.

पाणी तापत नाही, पण का?

जाणता माणूस आल्या आल्या पेचकस काढत नाही, आधी प्रश्न विचारतो. पाणी अजिबात तापत नाही, की कोमट येतं? पहिली बादली कडक आणि दुसरी एकदम गार, असं होतं का? दिवा लागतो का? आवाज येतो का? मेनस्विच पडतो का? प्रत्येक उत्तरामागे वेगळं दुखणं असतं.

पाणी अजिबात तापत नसेल तर कॉइल जळालेली असू शकते, थर्मोस्टॅट गेलेला असू शकतो, कटआउट पडलेला असू शकतो, किंवा नुसतं सॉकेटमधलं टोक जळून सुटलेलं असू शकतं. हे शेवटचं फार वेळा होतं. दोन किलोवॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज घेतो. सैल पिनेत ती ठिणग्या काढते आणि सॉकेट काळं पडतं. अशा घरात नवी कॉइल बसवून उपयोग काय?

पाणी तापतं पण फार वेळ लागतो, ही आणखी एक नेहमीची तक्रार. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण एक युनिट वीज लागते, म्हणजे दोन किलोवॅटच्या गीझरला अर्धा तास. आता हाच गीझर संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं की काय करील? व्होल्टेज एक पंचमांशाने उतरलं तर ताकदही तेवढीच उतरेल असं वाटतं, पण तसं होत नाही. २३० च्या जागी १८० मिळाले तर गीझरची ताकद जेमतेम सहा दशांश उरते. अर्ध्या तासाच्या जागी पाऊण तासाहून जास्त! ज्याने मीटर लावून व्होल्टेज पाहिलं नाही तो खुशाल सांगणार, "कॉइल कमजोर झाली." नवी कॉइल बसते, पैसे जातात, पाणी तेवढंच सावकाश तापतं.

पहिला तांब्या कडक आणि लगेच गार, असं होत असेल तर आतली उभी नळी तुटलेली असण्याचा संभव असतो. पाणी बारीक धारेने येत असेल तर क्षार साचून तोंड बुजलेलं असतं. गीझर खदखदतो, टकटक वाजतो, तेव्हा कॉइलवर पांढऱ्या क्षाराचं पुट चढलेलं असतं. हे पुट कॉइलची उष्णता पाण्यात सहज जाऊ देत नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि लवकर जळते. क्षार काढायला काही जण टाकीत सरळ अ‍ॅसिड ओततात. तसं करू देऊ नका. त्याने क्षार जातो तसा टाकीचा आतला मुलामाही जातो. जाणता माणूस खालची चकती खोलतो, खरवडून पुट काढतो, कॉइल लिंबूसताच्या पाण्यात भिजवतो. वेळ लागतो, न्हाणीघर घाण होतं, पण काम खरं होतं.

"डायरेक्ट करून देतो"

आता मुख्य मुद्द्याकडे येते. गीझर चालू झाला म्हणजे दुरुस्त झाला, असं समजू नका. बिघडलेला गीझर चालू करायची सर्वांत स्वस्त आणि झटपट युक्ती कोणती? कटआउट वारंवार पडतो ना, मग त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडायच्या आणि कटआउट मधून काढून टाकायचा. याला त्या धंद्यात "डायरेक्ट करणं" म्हणतात. पाच मिनिटांचं काम. पाणी लगेच तापायला लागतं. दुरुस्तीवाला हुशार ठरतो.

माझ्या एका मैत्रिणीकडे असंच झालं. कटआउट तिसऱ्यांदा पडल्यावर बोलावलेला माणूस म्हणाला, "ताई, हा भाग नसला तरी चालतं, उगाच खर्च नको." तिलाही बरं वाटलं. महिन्याभराने नळ सोडला तर पाण्याऐवजी फुसफुसत वाफ आली. दैव बलवत्तर, सेफ्टी व्हॉल्व्ह शाबूत होता आणि हात भाजण्यावर निभावलं. नंतर आलेल्या जुन्या वायरमनने थर्मोस्टॅट काढून दाखवला. तो बंदच होत नव्हता. बिचारा कटआउट प्रत्येक वेळी त्याचं काम चोख बजावत होता, आणि शिक्षा झाली ती त्यालाच.

हीच गत सेफ्टी व्हॉल्व्हची. पाणी तापताना फुगतं. २५ लिटर पाण्याला ५५ अंशांपर्यंत पाव लिटरहून थोडी जास्त जागा लागते. ते पाणी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळलं तर घाबरण्याचं कारण नाही. सतत धार लागली तर मात्र व्हॉल्व्ह किंवा पाण्याचा दाब तपासावा. पण काही महाभाग त्या भोकात बोल्ट मारतात, नाहीतर एम-सील भरून टाकतात. "आता नाही गळणार!" खरंच, गळत नाही. पण थर्मोस्टॅट अडकला, कटआउट डायरेक्ट आणि व्हॉल्व्ह बुजवलेला, अशी तिन्ही पहारेकऱ्यांची गाठ पडली तर टाकीतलं पाणी शंभर अंशांच्या वर जातं आणि टाकी फुटते. दाबाखालचं पाणी सुटताक्षणी वाफ होऊन शेकडो पटींनी पसरतं. न्हाणीघराची भिंत त्यापुढे टिकत नाही.

तेव्हा कुणी "डायरेक्ट" हा शब्द उच्चारला की त्याचे आल्याचे पैसे द्या, चहा द्या आणि नमस्कार करा. त्या दिवशी चुलीवर पाणी तापवा, पण असा गीझर लावू नका.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. कॉइलच्या नळीला तडा गेला की वीज पाण्यात उतरते. अर्थिंग चांगलं असेल तर वीज तिकडून जमिनीत जाते आणि स्विच पडतो. अर्थिंग नसेल तर ती आपल्या अंगातून वाट काढते. "नळाला हात लावला की झिणझिण्या येतात," असं बायका सहज सांगतात, जणू काही ती न्हाणीघराची सवयच आहे! अशा वेळी गीझरचा स्विच त्या क्षणी बंद करायचा आणि माणूस येईपर्यंत लावायचा नाही. नवी कॉइल बसवून गेलेल्या माणसाने सॉकेटची अर्थिंगही तपासली पाहिजे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावला तर फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज दिसायला हवं. शिवाय घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. जुन्या लोकांच्या बोलण्यात त्याला ईएलसीबी म्हणतात. साधा एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. आरसीसीबीवर चाचणीचं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबावं. स्विच पडला पाहिजे.

माणूस शोधायचा कुठे?

आपल्याकडे पहिली चौकशी शेजारणीकडे होते, आणि ते चांगलंच आहे. फक्त प्रश्न बदला. "तुमचा गीझर कुणी दुरुस्त केला?" असं न विचारता, "दुरुस्त केल्यावर किती दिवस चालला?" असं विचारा. ज्याचं काम दोन हिवाळे टिकलं, त्याचं नाव वहीत लिहून ठेवा.

विजेच्या सामानाच्या दुकानदाराला विचारणं हा दुसरा मार्ग. पुण्यातली तपकीर गल्ली, मुंबईतली लोहार चाळ इथल्या दुकानदारांना कोण कुठला भाग नेतो आणि कोण परत आणून भांडतो, सगळं पाठ असतं. लहान गावात तर एकच दुकान असतं आणि त्याला सगळ्यांच्या कुंडल्या ठाऊक! आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा अभ्यासक्रम केलेला, वायरमनचा परवाना असलेला माणूस मिळाला तर उत्तम. परवाना आहे का हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. डॉक्टरांची पाटी आपण वाचतोच ना?

गीझर हमीच्या मुदतीत असेल तर कंपनीचाच माणूस बोलवावा, नाहीतर हमी जाते. मात्र फोन नंबर हमीपत्रावरून किंवा गीझरवरच्या पट्टीवरून घ्या. मोबाईलवर शोधून मिळालेला "कंपनीचा नंबर" अनेकदा भामट्यांचाच असतो. आधी दहा रुपये पाठवा, हे अ‍ॅप उतरवून घ्या, आलेला ओटीपी सांगा, असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यावा. गीझर दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही.

आणि शक्यतो नवरात्राच्या सुमारास बोलवा. दिवाळीच्या तोंडावर आणि डिसेंबरच्या थंडीत चांगल्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हा मोकळा सापडतो तो बहुतेक करून ज्याला दुसरं कुणी बोलावत नाही तो.

तो आल्यावर

दुपारी दोन वाजता घरी आपणच असतो. तो दारातच विचारतो, "साहेब कधी येतील?" साहेबांना गीझरमधलं आपल्याहून जास्त कळतं असं त्याने का गृहीत धरावं, हा प्रश्न बाजूला ठेवू. "मला सांगा, मीच बघणार आहे," असं शांतपणे म्हणावं आणि जवळ स्टूल घेऊन बसावं. चांगल्या कारागिराला कुणी बघितलेलं आवडतं. ज्याला आवडत नाही, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं.

त्याच्या पिशवीत मीटर आहे का? नुसता टेस्टर खिशाला लावलेला माणूस वीज आली की नाही एवढंच सांगू शकतो. कॉइल चांगली की वाईट, हे मीटरशिवाय कळत नाही. २००० वॅटची चांगली कॉइल मीटरवर २६ ओहमच्या आसपास दाखवते. जळालेली असेल तर काटा हलतच नाही. तेव्हा "कॉइल गेली" म्हटल्यावर "मीटरवर दाखवता का?" एवढंच म्हणा. खोलण्याआधी त्याने स्विच बंद केला, प्लग काढला, पाणी सोडून टाकलं, या गोष्टीही बघण्यासारख्या. घाईने चालू विजेत हात घालणारा शूर असेल, पण शहाणा नव्हे.

खर्च आधी विचारावा. मजुरी किती, भाग किती, वेगवेगळं. नवा भाग आयएसआय चिन्हाचा हवा, थर्मोस्टॅट जुन्याच्याच मापाचा हवा. काढलेला भाग मागून घ्यावा, त्याला नेऊ देऊ नये. आणि बिल. हाताने लिहिलेलं का होईना, तारखेसह, सहीसह. काम वाईट निघालं आणि त्याने हात वर केले, तर बिलाशिवाय तुमची बाजू लंगडी पडते. बिल हातात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगही आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. बहुतेकदा एवढं करावंही लागत नाही. बिल मागणारी बाई दिसली की काम आपोआप नीट होतं.

जाण्यापूर्वी गीझर भरून घ्यावा. गरम पाण्याचा नळ सोडून त्यातून पाण्याची अखंड धार आल्यावरच स्विच लावायचा. रिकाम्या टाकीत कॉइल लावली की ती नवी असली तरी काही मिनिटांत जळते. सोसायटीची टाकी धुतल्यानंतरही हे लक्षात ठेवायला हवं. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवायला सांगा. त्याहून जास्त तापवलं की क्षार भराभर बसतो आणि पुन्हा त्यात गार पाणी मिसळून आंघोळ करायची, हा दुहेरी तोटा.

गॅसच्या गीझरचं वेगळं

गॅस गीझर असेल तर दुरुस्तीवाल्याची परीक्षा आणखी कडक हवी. ज्योत निळी असते तोवर ठीक. ती पिवळी, लांबट झाली, गीझरवर काजळी दिसली, की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे असं समजावं. या वायूला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि माणूस दार उघडायच्या आत कोसळतो. बंद न्हाणीघरात अशी माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. म्हणून गॅस गीझर न्हाणीघरात नकोच. तो बाहेर, मोकळ्या हवेत, नळी तेवढी आत. "आतच बसवू, वर झरोका आहे की," म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. वास आला तर सिलिंडरचा कॉक बंद करून, खिडक्या उघडून, बाहेर येऊन १९०६ ला फोन करावा.

टाकी गेली की गॅस्केट?

शेवटी एक वेळ अशी येते की गीझर खालून ठिबकायला लागतो आणि दुरुस्तीवाला जाहीर करतो, "टाकी गेली, नवा घ्या." इथे घाई करू नका. प्लग काढून, खालचं झाकण उघडून, पाणी नेमकं कुठून येतं ते दाखवायला सांगा. चकतीच्या कडेने, बोल्टांच्या आसपास थेंब असतील तर गेलंय ते रबरी गॅस्केट. थोडक्या पैशांत नवं बसतं. वरच्या फेसाळ थरातून पाणी झिरपत असेल, तो थर ओला होऊन लोंबत असेल, कवचाला आतून गंज असेल, तर मात्र टाकीच गेली. तिच्यावर एम-सीलचं ठिगळ दाबाखाली टिकत नाही. इथे पैसे घालू नयेत, नवा घ्यावा.

मात्र घरातला गीझर फार जुना असेल तर त्याची टाकी तांब्याची असू शकते. ती तांबटाकडे दुरुस्तही होते. नवा बसवायला आलेला माणूस मोठ्या मनाने म्हणतो, "जुना मी घेऊन जातो, तुम्हाला अडगळ कशाला?" त्याला म्हणावं, राहू दे. कवच उघडून आत तांबं आहे का ते बघा आणि असेल तर मोडवाल्याला तुमच्यासमोर काट्यावर वजन करायला लावा.